हेडमास्तरांचा ‘त’

सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेच्या मागे नव्या वर्गखोलीचं बांधकाम चाललं होतं. मधली सुट्टी. हेडमास्तर केबिनमधून उठून भिंतीपाशी आले. गवंडीकाम करणारा मेस्त्री थापी घमेल्यात टाकून ओळंबा सोडत होता. “मेस्त्री, गुण्यात आसा मां?” हेडमास्तरांनी विचारलं. त्याने कोपऱ्याला लोखंडी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून दाखवला. भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. तेवढ्यात नववीतली एक मुलगी धावत आली, “सर, मेस्त्री सर खंय आसत?” तिला गणिताचे सर हवे होते. कोकणात मेस्त्री हे आडनाव गावोगाव आहे, त्यामुळे मेस्त्री आडनावाचे शिक्षकही अनेक शाळांत असतात.

मी तिथे दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. पण परतीच्या एसटीत हे तीन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. हेडमास्तर, मेस्त्री आणि मेस्त्री सर. घरी येऊन कोश उघडले आणि चकित झालो. मास्तर आणि मेस्त्री हे सख्खे चुलतभाऊ आहेत. दोघांचा आजोबा एक, लॅटिन ‘मॅजिस्टर’. एक नातू लिस्बनहून जहाजाने आला, दुसरा लंडनहून.

मॅजिस्टरच्या पोटात ‘मॅजिस’ आहे, म्हणजे ‘अधिक’. ज्याला इतरांपेक्षा अधिक येतं तो मॅजिस्टर. याच्या उलट ‘मिनिस्टर’. त्याच्या पोटात ‘मायनस’, म्हणजे ‘उणा’. मूळ अर्थ सेवक, हाताखालचा माणूस. एज्युकेशन मिनिस्टर आणि हेडमास्तर या दोन पदांची नावं अशी एकाच साच्यातून निघाली आहेत, एक उण्याचं आणि एक अधिकाचं. ‘मॅजिस’चं नातं आपल्या ‘महत्’शी आहे, हे तुलनात्मक भाषाशास्त्राने केव्हाच मान्य केलं आहे. म्हणजे महाराष्ट्रातला ‘महा’ आणि मास्तरातला ‘मा’ एकाच मुळाचे.

मध्ययुगीन युरोपात हा शब्द दोन घरांत नांदला. गवंडी, सुतार, सोनार यांच्या संघांत ज्याचं शिकणं पुरं झालं आणि जो आता शागीर्द ठेवू शकतो, तो मास्टर. विद्यापीठात ज्याला शिकवण्याचा परवाना मिळाला, तोही मास्टर. ‘एम. ए.’मधला एम तोच. थापी धरणारा आणि पोथी धरणारा, दोघांनाही एकच बिरुद मिळत होतं, आणि त्याचा अर्थही एकच होता: आता तू दुसऱ्याला शिकवू शकतोस.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे आली. त्यांचा ‘मेस्त्र’ शब्द इथे आला आणि पुन्हा दोन घरांत राहू लागला. किल्ले, चर्च, वखारी बांधणाऱ्या कारागिरांचा म्होरक्या तो मेस्त्री. कोकणीत सुताराला आजही ‘मेस्त’ म्हणतात. त्याच वेळी गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत ‘मेस्त्र’ म्हणजे गुरुजी. तो मुलांना अक्षरं शिकवायचा, स्वरलिपी वाचायला शिकवायचा, हातात व्हायोलिन द्यायचा आणि रविवारी गायकवृंद चालवायचा. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले गोव्याचे इतके वादक याच शाळांच्या परंपरेतून आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, ते अशाच एका चर्चच्या गायकवृंदप्रमुखाचे चिरंजीव.

बांधकामाच्या जागेवर एकदा कान देऊन उभं राहावं. घमेलं पोर्तुगीज ‘गामेला’तून आलं, बिजागरी ‘बिझाग्रा’तून, चावी ‘शाव्ह’मधून. संध्याकाळी हातात पडणारा पगारसुद्धा ‘पागार’, म्हणजे चुकते करणे, या क्रियापदातून आलेला. मेस्त्री हा शब्द एकटा आला नाही, आपली सगळी अवजारं आणि मजुरी घेऊन आला. माझ्या मते हे सगळं वसई आणि रेवदंड्याच्या तटबंद्यांवर मराठीत मिसळलं, जिथे पाथरवट, गवंडी आणि बिगारी आपल्याच मुलखातले होते.

यावर एक प्रतिस्पर्धी मत आहे. माझ्या ओळखीच्या एका फारसीच्या जाणकारांनी ते मोठ्या आग्रहाने मांडलं. अरबीत ‘मिस्तर’ म्हणजे रेघा आखायचं साधन. जुने लेखनिक पुठ्ठ्यावर दोरे ताणून त्यावर कागद दाबत, की ओळी उमटत. दोरी ताणून ओळ धरणारा तो मिस्त्री, असं त्यांचं म्हणणं. कल्पना सुंदर आहे. गवंडी खरोखरच दोरी ताणतो. पण मग कोकणातल्या ‘मेस्त्री’तला ए कुठून आला? कानडीतही ‘मेस्त्री’च आहे. अरबी ‘मि’ किनाऱ्यावर येऊन ‘मे’ का व्हावा? उलट पोर्तुगीज ‘मे’ घाटावर चढता चढता ‘मि’ होणं सहज शक्य आहे. शेवटच्या ईची अडचण नाहीच. तेली, माळी, कोष्टी यांच्या पंक्तीत बसायचं तर ई लागतेच. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशाने पोर्तुगीज मूळच दिलं आहे. आसगावचे कोकणी विद्वान सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांत मुरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ १९१३ मध्ये काढला, त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघालं. माझा कौल दालगादोंना.

आता मास्तर. हा शब्द इंग्रजीतून आला, यात कुणाला शंका नाही. मला आहे, आणि ती एका अक्षराची आहे.

इंग्रजी ‘ट’ मराठीत सहसा ‘ट’ होतो. रजिष्टर, मिष्टर, पोष्ट असं आपण छापत आलो. स्टेशनचं ठेसन झालं, तरी ट-वर्ग सुटला नाही. मग मास्टरचा ‘माष्टर’ न होता ‘मास्तर’ का झाला? पोर्तुगीज ‘त’ मात्र दंत्य आहे. तो मराठीत सहसा ‘त’ म्हणून येतो: कप्तान, फीत, काडतूस. माझा सिद्धांत असा, की इंग्रज मास्टर शाळेत आला तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाच्या जिभेवर मेस्त्री आधीच बसलेला होता. नव्या शब्दाचा स्वर इंग्रजांचा घेतला आणि व्यंजन जुन्या ओळखीतून आलं. मास्तरचा आ लंडनचा, त लिस्बनचा.

शेजारी पाहा. गुजरातीतही ‘मास्तर’ आहे, आणि दमण-दीव त्याच किनाऱ्यावर. हिंदीत मात्र ‘मास्टर’. कानडीत गंमत अशी की शाळामास्तर ‘मेष्ट्रु’ आणि गवंडी ‘मेस्त्री’. तिथे शिक्षकाच्या शब्दातही ‘मे’ उतरला आहे. तिथे ट टिकला आणि स्वर जुना निघाला, आपल्याकडे स्वर नवा आणि त जुना. एकाच सरमिसळीची ही दोन फळं आहेत.

विरोधक म्हणतील, स दंत्य आहे, त्याने शेजारच्या टला आपल्याकडे ओढलं, एवढंच. मग रजिस्टरला का नाही ओढलं? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बंगालमध्येही पोर्तुगीज होते, बंगालीत ‘मिस्त्रि’ आहे, पण शिक्षक ‘मास्टार’च राहिला. याला माझं उत्तर असं, की हुगळीला पोर्तुगीजांचा व्यापार आणि थोडी वस्ती होती. गोवा-वसईसारखी खेड्याखेड्यातली चर्चशाळा तिथे रुजली नव्हती. जिथे मेस्त्र गुरुजी होता, तिथेच मास्टरचा मास्तर झाला. आणि गुजरातीतल्या ‘दाक्तर’चं बोट दाखवणाऱ्यांना सांगतो, की डॉक्टरलाही पोर्तुगीज भाऊ आहे, ‘दोतोर’. तो पुरावा माझ्याच बाजूला पडतो.

एक गैरसमज मात्र मोडायला हवा. हेडमास्तरांच्या टेबलावर शिक्षकांच्या सह्यांचं जे मस्टर असतं, ते मास्तरवरून आलं, असं शाळाशाळांत सांगतात. नाही. मस्टर हे इंग्रजी ‘मस्टर’, त्याचं मूळ लॅटिन ‘मॉन्स्ट्रारे’, म्हणजे दाखवणे. सैन्य उभं करून शिपाई मोजून दाखवायचे, ते मस्टर. तिथून ते मजुरांच्या हजेरीत आलं, रोजगार हमीच्या कामावर आलं आणि शाळेतही. म्हणून त्यातला ट ताठ राहिला.  एकाच टेबलावर ट आणि त शेजारी बसलेले पाहून माझा सिद्धांत मला आणखी पटतो.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १८५४ चा वुडचा खलिता, १८५७ चं मुंबई विद्यापीठ आणि त्याची मॅट्रिक, १८८० मध्ये पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल. पंतोजी मागे पडले, हेडमास्तर आले, आणि संस्कृताळलेल्या कारभारात त्यांचे मुख्याध्यापक झाले.

हा शेवटचा शब्द मात्र कारकुनी भाषांतर म्हणून सोडून देण्यासारखा नाही. इंग्रजीत ‘हेड’, म्हणजे डोकं. आपण शिर घेतलं नाही, मुख घेतलं. आणि अध्यापक हे प्रयोजक रूप आहे. अधि आणि इ या धातूपासून अध्ययन, म्हणजे स्वतः शिकणं. त्याचं प्रयोजक करताना इ चा आ होतो, आणि त्यासाठी पाणिनीला वेगळं सूत्र करावं लागलं. अध्यापक म्हणजे जो दुसऱ्याला शिकायला लावतो. न्यू इंग्लिश स्कूलची धुरा वाहणारे आणि १८८५ मध्ये फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य झालेले वामन शिवराम आपटे यांनी शाळा-कॉलेज चालवता चालवता संस्कृत-इंग्रजी कोश सिद्ध केला, तो १८९० मध्ये निघाला. शाळेचा प्रमुख आणि कोशकार एकाच खुर्चीत बसू शकत होते.

आज त्या खुर्चीवर काय काय येऊन पडतं! पगारबिल, पोषण आहाराच्या नोंदी, दहावीच्या परीक्षेचं केंद्र, शाळा सोडल्याचे दाखले, शेरेबुक, ऑनलाइन माहिती. जनरल रजिस्टरमधल्या जन्मतारखेच्या एका नोंदीवर माणसाची नोकरी आणि निवृत्ती ठरते, आणि त्या नोंदीची जबाबदारी मुख्याध्यापकांची. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत ते शाळा समितीचे पदसिद्ध सचिव आहेत. पण याच नियमावलीने माध्यमिक शाळेच्या प्रमुखासाठी आधी काय मागितलं? पदवीनंतर किमान पाच वर्षांचा शिकवण्याचा अनुभव. वर्गातूनच वर जायचं. मेस्त्री होण्याआधी वीट रचलेली असली पाहिजे, हाच तो जुना संघाचा कायदा, आणि मला त्याचं मोल फार वाटतं. ज्या शाळेत मुख्याध्यापकांना कागदांतून उठून एक तास घ्यायलाही सवड मिळत नाही, तिथे या शब्दातला अध्यापक उपाशी राहतो.

सिंधुदुर्गातल्या त्या केबिनमध्ये भिंतीवर खडूने लिहिलेलं वेळापत्रक होतं. नववी ब, चौथा तास, भूमिती. पुढे हेडमास्तरांची आद्याक्षरं. घंटा झाल्यावर त्यांनी टेबलाखालून लाकडी गुण्या काढला, खडूने पांढरा पडलेला, आणि वर्गाकडे निघाले. बाहेर मेस्त्री भिंतीचा दुसरा कोपरा तपासत होता. त्याच्या हातातही गुण्याच होता.