विल्स (सिगारेट)

विल्स : मूळ ब्रिटिश सिगारेटचे नाममुद्रा-कुल. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे उगम पावलेले हे नाव पुढे भारतात तंबाखूपेक्षाही क्रिकेटमुळे घरोघरी पोहोचले.

उगम : हेन्री ओव्हर्टन विल्स याने 1786 मध्ये ब्रिस्टलमध्ये भागीदारीत तंबाखूचे दुकान काढले. विल्यम डे आणि हेन्री ओव्हर्टन या मुलांच्या नावांवरून पेढी ‘डब्ल्यू. डी. अँड एच. ओ. विल्स’ झाली. 1871 मध्ये तिची ‘ब्रिस्टल’ ही पहिली सिगारेट आली. मिनिटाला सुमारे 200 सिगारेटी वळणाऱ्या बॉनसॅक यंत्राचे ब्रिटनपुरते हक्क पेढीने 1883 मध्ये घेतले. त्यामुळे सिगारेट स्वस्त झाली आणि 1888 मधील ‘वुडबाइन’ कामगारवर्गात खपली. पाकिटाला ताठपणा देणाऱ्या पुठ्ठ्यावर चित्रे छापण्याची प्रथा पेढीने उचलली. 1896 च्या संचात क्रिकेटपटू होते.

अमेरिकन उद्योगपती जेम्स ड्यूक ब्रिटिश बाजारात उतरताच 1901 मध्ये विल्ससह तेरा पेढ्यांनी इंपीरियल टोबॅको कंपनी स्थापली. इंपीरियल आणि ड्यूक यांच्यातील 1902 च्या तहातून परदेशी बाजारांसाठी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही संयुक्त कंपनी निघाली. विल्सच्या सिगारेटींचा भारतातील व्यापार तिच्याकडे आला.

भारतात : 24 ऑगस्ट 1910 रोजी कोलकात्यात इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया नोंदली गेली. 1970 मध्ये ती इंडिया टोबॅको कंपनी आणि 1974 मध्ये आयटीसी झाली. सिझर्स, कॅप्स्टन, गोल्ड फ्लेक आणि नेव्ही कट या विल्सच्या मुद्रा येथे रुजल्या. ‘मेड फॉर इच अदर’ या घोषवाक्याने विल्स फिल्टरची जाहिरात गाजली.

नाशिक जिल्ह्यात सिगारेटचा सामना विडीशी होता. सिन्नरच्या विडी-उद्योगात टेंभुर्णीचे पान भिजवून, कात्रीने कापून, त्यात जर्दा भरून विडी हातानेच वळतात आणि मजुरी हजार विड्यांमागे ठरते. यंत्रावर निघणाऱ्या विल्सचे पाकीट त्या मानाने महाग. नांदगाव, मनमाड अशा रेल्वेच्या गावांत ती टपरीवर बहुधा सुटीच विकली जाई.

क्रिकेट : 1977-78 पासून एकदिवसीय सामन्यांची ‘विल्स ट्रॉफी’ सुरू झाली. 1996 ची विश्वचषक स्पर्धा ‘विल्स वर्ल्ड कप’ या नावाने झाली. 27 फेब्रुवारी रोजी वानखेडे मैदानावर प्रकाशझोतात ऑस्ट्रेलियाने भारताला 16 धावांनी हरवले. सचिन तेंडुलकरने 90 धावा केल्या. दोनच दिवसांनी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडिजचा डाव 93 धावांत गुंडाळला. भारतीय खेळाडूंच्या अंगावरील ‘विल्स’ ही अक्षरे दूरदर्शनवरून पोरासोरांपर्यंत गेली. सिगारेट न दाखवता तिचे नाव मनावर ठसवण्याचा हा मार्ग आरोग्य-कार्यकर्त्यांच्या टीकेचा विषय ठरला.

निर्बंध : 2001 मध्ये आयटीसीने क्रिकेटचे प्रायोजकत्व सोडले. त्याच वर्षी, मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबरला सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. 2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती आणि प्रायोजकत्व बंद झाले. विल्स हे नाव ‘विल्स लाइफस्टाइल’ या कपड्यांच्या दुकानांवर मात्र झळकत राहिले. 2016 पासून पाकिटाचा 85 टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापला. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट पडत नाही, तेव्हा इशाराही पडत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने सुट्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने.

ब्रिस्टलमधील विल्सचा शेवटचा कारखाना 1990 मध्ये बंद झाला. तेथे हे नाव आता ब्रिस्टल विद्यापीठाच्या, 1925 मध्ये उघडलेल्या विल्स मेमोरियल इमारतीवर आहे.