नोकरी गेली, पण हातातली कला कुठे गेली?

समजा, एका माणसाने गिरणीत वीस वर्षं साचे चालवले. सूत तुटलं की त्याचा हात आपोआप तिकडे जातो. गिरणी बंद पडली. आता त्याच्या अनुभवाची किंमत किती?

गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये ‘ह्यूमन कॅपिटल’ या पुस्तकात कौशल्याचे दोन प्रकार मांडले. एक कुठल्याही मालकाकडे चालणारं, दुसरं फक्त त्याच कंपनीत उपयोगी पडणारं. नोकरी गेली की दुसरं वाया जातं, म्हणून कमाई घटते. हे पटतं. पण किती घटते?

याचं गाजलेलं उत्तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातून आलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मंदी होती, पोलादासारखे उद्योग आयात मालाच्या स्पर्धेत सापडले होते. जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन यांनी एकाच मालकाकडे सहा वा अधिक वर्षं काम केलेल्यांच्या पगाराच्या सरकारी नोंदी तपासल्या. १९९३ च्या त्यांच्या निबंधानुसार नोकरी जाऊन पाच-सहा वर्षं झाली तरी कमाई सुमारे २५ टक्के कमीच होती. शिवाय घसरण नोकरी जाण्याच्या तीनेक वर्षं आधीच सुरू झाली होती! म्हणजे तुम्ही नोकरी जाण्याच्या आदल्या वर्षाशी तुलना केलीत, तर नुकसान कमी दिसणार.

आता मुंबईकडे या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारोंना पुन्हा कामावर घेतलं गेलं नाही. इथे स्पर्धा परदेशी मालापेक्षा जास्त देशातल्याच यंत्रमागांची होती. भिवंडीत माग चालूच होते. म्हणजे साचेवाल्याची कला वाया गेली नव्हती, तिला गिऱ्हाईक होतं. गेलं ते वेगळंच: कायम नोकरी, महागाई भत्ता, फंड, ग्रॅच्युइटी, युनियनने भांडून मिळवलेला दर.

बेकरचं उत्तर इथे अपुरं पडतं, ते असं. कमाई घटली म्हणजे कौशल्य निरुपयोगी झालं, असं परस्पर ठरवू नका. हात तोच, काम जवळपास तेच, फक्त भाव करण्याची ताकद गेली, असंही असू शकतं. आणि उपाय त्यावरच ठरतो. पहिल्या निदानावर आपण प्रशिक्षण वर्ग काढतो. दुसऱ्यावर तो वर्ग काय कामाचा?

मग हे तपासायचं कसं? आधी नोंदीत कोण नाही ते बघा. पेनसिल्व्हेनियाच्या अभ्यासात राज्यात नंतर पगारच न मिळालेले लोक वगळले होते. मुंबईत तर कोकणात, घाटावर गावी परतलेला कामगार पगारपत्रकातून गायबच होतो. वर्षानुवर्षं रोज गेटवर उभं राहून काम मिळवणारा बदली कामगार, त्याची ‘नोकरी’ नेमकी कधी गेली म्हणायची? आणि गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बाईचं काय? जेवणारे गेले की तिचीही कमाई गेली; पण मस्टरवर तिचं नाव कधी नव्हतंच.

म्हणून प्रबंधाचा प्रश्न लिहिताना ‘किती टक्के घट’ याच्या आधी एक ओळ लिहा: कोणाची घट, आणि कधीपासून मोजलेली. मार्गदर्शक पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतील.