मोडलेली किल्ली आणि ताटीचे दार

दार बंद करण्याच्या साधनांसाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांची कुळे वेगवेगळी आहेत. अडसर, खिट्टी, कडी, कोयंडा हे शब्द गावच्या सुताराच्या आणि लोहाराच्या हाताखालचे वाटतात. 'कुलूप' मात्र अरबीतील 'कुफ्ल' या शब्दापासून फारसीमार्गे आले, आणि 'चावी' पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरली. शब्दांच्या या प्रवासात वस्तूचा स्वभावही दिसतो. अडसर आतून लावायचा असतो. घरात जो आहे त्याचे रक्षण तो करतो. कुलूप बहुधा बाहेरून लागते. मालक घरात नसताना त्याच्या मालाचे रक्षण ते करते. ते बाजारपेठेचे, कोठाराचे आणि खजिन्याचे साधन आहे.

मराठी वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध बंद दाराला कुलूप नाही, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांमागील कथेत ज्ञानदेव लोकनिंदेने खिन्न होऊन झोपडीचे दार लावून बसतात. हे दार म्हणजे ताटी. ती एका धक्क्याने पडली असती. तरीही मुक्ताबाई धक्का देत नाही, विनवणी करते. कारण ताटी उघडायची तर आतल्या माणसाचे मन वळवावे लागते. कुलपाला मन नसते. ते माणूस ओळखत नाही, आकार ओळखतो तसा फक्त धातूचा आकार ओळखते. या विधानाची खरी परीक्षा होते ती किल्ली कुलपात मोडते तेव्हा. विषय क्षुल्लक दिसतो. परंतु मालकी म्हणजे काय आणि ती सिद्ध कशाने होते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

प्रथम ही घटना समजून घेऊ. किल्ली सहसा तिच्या सर्वांत खोल खाचेपाशी, किंवा मूठ आणि पाते जुळतात तेथे मोडते. वर्षानुवर्षे एकाच जागी पीळ बसून धातूला बारीक भेग गेलेली असते; शेवटच्या दिवशीचा जोर केवळ निमित्त ठरतो. दारात बसवलेल्या आजच्या कुलपाची घडण मुख्यतः लायनस येल या अमेरिकी कारागिराने १८६०च्या दशकात सिद्ध केली. त्यात एक फिरणारी नळी आणि तिला अडवून धरणाऱ्या, स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक खुंट्या असतात. योग्य किल्ली प्रत्येक खुंटी नेमक्या उंचीवर उचलते, तेव्हाच नळी फिरते. नळी अर्धवट फिरलेली असताना किल्ली मोडली, तर खुंट्यांना वर सरकायला वाव राहत नाही आणि तुकडा जखडून बसतो. म्हणून जाणता कारागीर आधी ओढाओढ करत नाही. तो बारीक पेचकसाने नळी हलकेच मागे फिरवून किल्ली जेथून आत शिरते त्या मूळ स्थितीत आणतो. ग्रॅफाइटची पूड फुंकतो. मग नक्षीच्या करवतीचे अरुंद पाते, दाते बाहेरच्या बाजूस ठेवून, किल्लीच्या खाचांच्या कडेने आत सरकवतो आणि तुकडा अडकवून बाहेर ओढतो. दुसरी किल्ली घातली तर तुकडा आणखी खोल जातो; गोंद लावला तर कुलूपच निकामी होण्याची भीती. बाहेर आलेला तुकडा फेकायचाही नसतो. दोन्ही तुकडे जुळवून ठेवले की त्यांवरून नवी किल्ली घडवता येते. मोडलेल्या किल्लीचे बळ जाते, आकार शिल्लक राहतो.

ज्या प्रदेशाच्या संदर्भात हे लिहितो आहे, तो पूर्वीचा चांदा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. चांद्याच्या गोंड राजांनी शहराभोवती तट उभारला. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा अशा चार वेशी आणि पाच खिडक्या आहेत. मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी तटाला खिंडार पाडून हे शहर घेतले. तोफेला किल्ली लागत नाही. योगायोग असा की, त्याच १८१८ साली इंग्लंडात जेरमाया चब याने आपल्या नव्या कुलपाचे पेटंट घेतले. पोर्ट्समथच्या गोदीत आदल्या वर्षी चोरी झाली होती; त्यावर सरकारने मागवलेल्या उपायांतून ते जन्मले. चुकीची किल्ली फिरवताच ते अडकून बसे आणि कोणीतरी हात लावल्याची बातमी मालकाला देई. पुढे १८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकी कारागिराने चबचे आणि ब्रामाचे अशी दोन्ही नावाजलेली कुलपे किल्लीशिवाय उघडून दाखवली. अभेद्य कुलपाची कल्पना तेथे संपली.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा थेट इंग्रजी अंमलाखाली आला. जंगलातल्या गावांत बांबूच्या कुडाच्या भिंती आणि बांबूचीच ताटी. शेळ्या-कुत्री आणि वारा अडवणे हे तिचे काम. कुलपाची ओळख त्या माणसांना सरकारी वास्तूंतून झाली असावी: तहसिलीचा खजिना, लाकडाचे आगार, तुरुंग. १८५८च्या उठावातील गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगातच फाशी देण्यात आली. १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हा शहरी मध्यमवर्गाला कुलूप सुरक्षिततेची खूण वाटू लागले होते. रानातल्या गावाला ते बहुधा दुसऱ्याच्या हुकमाची खूण वाटले असेल.

किल्लीवाचून कुलपासमोर उभे राहण्याची वेळ सरकारवरही येते. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील रत्नभांडाराच्या आतल्या दालनाची किल्ली सापडत नाही, हे २०१८ मध्ये उघडकीस आले. १४ जुलै २०२४ रोजी भांडार उघडले, तेव्हा हाती असलेल्या किल्ल्यांनी आतली कुलपे निघेनात. ती दंडाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत तोडावी लागली. येथे कुलूप तोडण्याइतकेच महत्त्व ते कोणासमक्ष तोडले याला होते. साध्या घरातही हेच घडते. किल्ली मोडली की घराचा मालक आणि चोर कुलपापुढे एका पायरीवर येतात. बोलावलेला कारागीर सचोटीचा असेल तर हत्यार काढण्याआधी विचारतो, घर तुमचेच कशावरून? उत्तर शेजारी देतात. ज्या ओळखीची गरज पडू नये म्हणून कुलूप लावले, तिच्याच दारात ते माणसाला परत आणून उभे करते.

गडचिरोलीच्या अलीकडच्या इतिहासात या प्रश्नाचे एक मोठे रूप दिसते. ज्या बांबूची ताटी विणली जाई, तो बांबू १९२७च्या भारतीय वन कायद्याने झाडांत मोजला आणि सरकारच्या ताब्यात ठेवला. २००६च्या वनाधिकार कायद्याने तोच बांबू गौण वनोपज ठरवला आणि त्यावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो वनखात्याच्या हाती. हक्क मिळाला होता, व्यवहार अडला होता. किल्ली कुलपात शिरून अर्ध्यावर मोडली होती. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा ही अडचण सुटली.

या कायद्याच्या २००८च्या नियमांतील पुराव्याची तरतूद वाङ्मयाच्या अभ्यासकांनी वाचावी अशी आहे. दावा सिद्ध करण्यासाठी सरकारी कागदांबरोबरच गावातील वडीलधाऱ्यांचे, लिहून घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून मान्य आहे. हे जंगल कोणी राखले, कोणत्या नाल्यापर्यंत कोणाची वहिवाट होती, हे सांगणारा म्हातारा येथे साक्षीदार ठरतो. ज्यांच्या हाती कागदाची किल्ली कधी आलीच नाही, किंवा हाती येऊन मोडली, त्यांच्यासाठी कायद्याने शेजाऱ्याची साक्ष पुन्हा ग्राह्य मानली. मौखिक परंपरेला आपण लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात जागा देतो आणि तिला पुरावा म्हणायला मात्र कचरतो. मेंढ्यासारख्या गावांच्या दाव्यांत ती पुरावा म्हणून उभी राहू शकते.

मेंढ्याने हे सारे सबुरीने साधले. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. ताटीपाशी उभ्या असलेल्या मुक्ताबाईची रीतही हीच होती. कुऱ्हाडीने कोयंडा उडवणे सोपे असते, आणि कधी कधी दुसरा इलाजही नसतो. पण कोयंडा उडाला की दाराची चौकट फुटते, आणि पुढे त्या दाराला कडीही धड बसत नाही. तुकडा शाबूत बाहेर काढणाऱ्याला दार उघडे मिळते, कुलूप चालू मिळते, आणि नव्या किल्लीसाठी जुना आकारही हाती राहतो.