स्वस्तिक : शब्दाचे कूळ आणि चिन्हाची ओळख

वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने जे चिन्ह काढले जाते, चातुर्मासात गोपद्मांच्या शेजारी जे रांगोळीने रेखले जाते, त्याला आपण मराठी माणसे ‘स्वस्तिक’ म्हणतो. बडोद्याकडील आपली मंडळी शेजाऱ्यांच्या तोंडी ‘साथियो’ ऐकतात, तर इंदूर-ग्वाल्हेरकडील ‘सतिया’. हे तिन्ही शब्द एकाच कुळातले. संस्कृत ‘स्वस्तिक’ प्राकृतात झिजून ‘सोत्थिय’, ‘सत्थिय’ असा झाला आणि त्यातून गुजराती व हिंदी रूपे निघाली. मराठीने मात्र मूळचा तत्सम शब्दच जपून ठेवला.

‘सु’ म्हणजे चांगले आणि ‘अस्ति’ म्हणजे असणे. या दोहोंच्या संधीतून ‘स्वस्ति’, म्हणजे क्षेम, हा शब्द बनला. तो ऋग्वेदात वारंवार येतो. त्याला ‘क’ प्रत्यय लागून ‘स्वस्तिक’, म्हणजे क्षेमाची खूण, असे नाम तयार झाले. या नामाचा एक जुना पुरावा मोठा लोभस आहे. पाणिनीने गुरांच्या कानांवर केल्या जाणाऱ्या खुणांविषयी एक सूत्र दिले आहे. ‘कर्ण’ शब्द पुढे आला की खुणेच्या नावाचा शेवटचा स्वर दीर्घ होतो. परंतु काही खुणांना हा नियम लागू नाही आणि त्यांत स्वस्तिकाचे नाव आहे. म्हणून अशी खूण असलेले जनावर ‘स्वस्तिककर्ण’. देवघराइतकाच गोठ्यातही हा शब्द रुळलेला होता, असा याचा अर्थ. पुढे नाट्यशास्त्रात हात किंवा पाय एकमेकांवर तिरपे येण्यालाही ‘स्वस्तिक’ म्हटले गेले.

चिन्ह मात्र या शब्दाहून कितीतरी जुने आहे. हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांवर ते आढळते. जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांजवळही ते कोरलेले दिसते. जैनांच्या अष्टमंगलांत त्याला स्थान आहे आणि सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचे ते लांछन आहे. बौद्ध धर्माबरोबर ते चीन-जपानला गेले. जपानच्या नकाशांत बौद्ध मंदिराची खूण म्हणून तेच वापरतात.

मूळ ‘स्वस्ति’ शब्दाचा प्रवासही थांबला नाही. अक्षीच्या मराठी शिलालेखात तो आहे. गोव्याच्या कदंबांच्या लेखांचा आरंभ ‘स्वस्ति’ने होतो आणि राज्याभिषेकानंतरच्या शिवकालीन राजपत्रांचाही. दगडावरील भाषा संस्कृत असो, कानडी असो वा मराठी, पहिला शब्द बहुधा तोच.

असे हे चिन्ह विसाव्या शतकात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. आम्ही वकिली करतो; आमच्या व्यवसायात आरोपीची ओळख पटल्याखेरीज खटला पुढे सरकत नाही. येथे घोटाळा ओळखीचाच आहे.

१८७० च्या दशकात हाइनरिख श्लीमन या जर्मन संशोधकाला ट्रॉयच्या उत्खननात, आजच्या तुर्कस्तानातील हिसार्लिक येथे, सूतकताईच्या मातीच्या चकत्यांवर हे चिन्ह मोठ्या संख्येने सापडले. त्याने त्याला भारतीय नाव दिले. त्यावर माक्स म्युल्लर यांनी त्याला लिहिले की, हा शब्द भारताबाहेर वापरणे आपणांस रुचत नाही. तो भारतात जन्मला आणि त्याला तेथला विशिष्ट इतिहास व अर्थ आहे. श्लीमनने हे मत १८८० साली आपल्या ग्रंथात छापलेसुद्धा. पण चिन्हाची सांगड ‘आर्यां’शी घातली गेली ती गेलीच. भाषाकुलांच्या अभ्यासातला ‘आर्य’ शब्द वंशवाद्यांच्या हाती पडला आणि त्याच्यासोबत हे चिन्हही. १९२० साली नाझी पक्षाने ते आपल्या ध्वजावर घेतले आणि १९३५ साली तो ध्वज जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज ठरला.

तरीही नाझींचा शब्द ‘स्वस्तिक’ नव्हे. ते आपल्या चिन्हाला ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, म्हणत. इंग्रजीने त्यासाठी आपला शब्द वापरला आणि लाखो निरपराधांच्या रक्ताचा डाग त्या शब्दावर पडला.

आपली बाजू मांडताना आपणही सावध असले पाहिजे. ‘त्यांचे उलटे, आपले सुलटे’ हा आपल्याकडील लाडका युक्तिवाद टिकणारा नाही. नाझींचे चिन्हही उजवीकडे वळणारेच होते. बहुधा ते तिरपे उभे केलेले असे, इतकेच. हे चिन्ह केवळ आपले, हा दावाही ट्रॉयच्या चकत्या खोडून काढतात. आणि ज्या ज्यू कुटुंबाची माणसे छळछावणीतून परतली नाहीत, त्याला ते चिन्ह पाहून थरकाप होतो, त्याला आपण अज्ञानी म्हणू नये. त्याची साक्ष खरी आहे.

आपला खरा आधार नावाचा आणि वापराचा आहे. कायद्यानेही तो मान्य करण्यास आरंभ केला आहे. २०२२ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली, तेव्हा हिंदू, बौद्ध व जैनांच्या धार्मिक वापराला स्पष्ट सूट दिली. त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही नाझी चिन्हासाठी जर्मन नाव आले आणि प्राचीन स्वस्तिक त्यातून वगळले गेले.

आपली मुले आज परदेशी राहतात आणि दिवाळीत दारापुढे रांगोळी काढतात. शेजाऱ्याने दार ठोठावून विचारले तर त्यांनी रांगोळी पुसूही नये आणि भांडूही नये. या शब्दाचा अर्थ काय आणि त्या दुसऱ्या चिन्हाचे नाव काय, एवढे त्यांनी शांतपणे सांगावे. त्यासाठी ते आधी आपण त्यांना शिकवले पाहिजे.