घोड्याच्या पापण्यांवरील शस्त्रक्रिया
घोड्याच्या डोळ्यास वरच्या व खालच्या पापण्यांशिवाय नाकाकडील कोपऱ्यात तिसरी पापणी असते. तिला निमेषक पटल म्हणतात. पापण्यांवरील शस्त्रक्रियांचा जुना इतिहास बव्हंशी या पटलाविषयीच्या गैरसमजाचा इतिहास आहे.

निमेषक पटलात उपास्थी व तिच्या बुडाशी अश्रुग्रंथी असते. अश्रू पसरविणे व स्वच्छमंडलाचे रक्षण करणे हे त्याचे कार्य होय. डोळा खोबणीत मागे ओढला गेला की, मागील चरबी दाबली जाऊन पटल पुढे सरकते. धनुर्वातात स्नायू ताठरल्याने हेच घडते व पटल डोळ्यावर पसरलेले दिसते. यूरोपातील नालबंद घोड्यांवर उपचारही करीत. त्यांना ती रोगट वाढ वाटे. सुईदोऱ्याने पटल बाहेर ओढून ते कापून टाकण्याचा प्रघात दीर्घकाळ टिकला. लक्षणालाच रोग मानल्यामुळे धनुर्वात बरा होत नसे. जनावर वाचलेच, तर त्याचा डोळा धुळीला कायमचा उघडा पडे. फ्रान्समध्ये लीआँ येथे क्लोद बूर्झला यांचे पशुवैद्यक विद्यालय 1762 मध्ये सुरू झाल्यावर शरीररचनेचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. इंग्लंडमध्ये विल्यम यूअट यांनी द हॉर्स (1831) या ग्रंथात या प्रथेचा निषेध केला. धनुर्वाताच्या जंतूचे शुद्ध संवर्धन शिबासाबुरो कितासातो यांनी 1889 मध्ये केले.

फाटलेल्या पापणीबाबतही अशीच चूक होत असे. खिळ्यात वा बादलीच्या कडीत अडकून पापणी फाटते. लोंबणारा तुकडा वाळलेला दिसला, तरी विपुल रक्तपुरवठ्यामुळे तो सहसा जगतो. म्हणून तो कापीत नाहीत. कापल्यास पापणी नीट मिटत नाही, व्रणाजवळचे केस स्वच्छमंडलावर घासतात व दृष्टीही जाऊ शकते. उघडझापीचे बहुतेक काम वरची पापणी करीत असल्याने तिची हानी अधिक गंभीर ठरते. प्रथम कड आठाच्या आकड्यासारख्या टाक्याने तंतोतंत जुळवितात व जखम दोन थरांत शिवतात. टाक्यांच्या गाठी डोळ्याला लागू देत नाहीत. धनुर्वातप्रतिबंधक लसही देतात.

पूर्वी घोडा दोरांनी पाडून हे सर्व करावे लागे. कार्ल कोलर यांनी 1884 मध्ये डोळ्यासाठी कोकेनचा उपयोग दाखविल्यावर स्थानिक बधिरीकरण शक्य झाले. आता गुंगीचे औषध देऊन उभ्या घोड्यावरही शस्त्रक्रिया करतात.

शिंगरांत पापणीची कड आत वळण्याचा दोष आढळतो. माणसातील अशा विकारावर सुश्रुतांनी पापणीची यवाकार त्वचा कापून टाके घालण्यास सांगितले आहे. शिंगरांत मात्र त्वचा न कापता तात्पुरते टाके घालून कड बाहेर वळवितात. वाढीबरोबर दोष बहुधा नाहीसा होतो.

निमेषक पटल संपूर्ण काढण्याचे आजचे प्रमुख कारण कर्करोग हे आहे. पापण्या फिक्या रंगाच्या असलेल्या घोड्यांत तो अधिक आढळतो. अशा वेळी उपास्थीही काढतात, कारण तिची उरलेली कड स्वच्छमंडलास इजा करते.