आमवात

शरीराच्या रक्षणासाठी असलेली प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने उद्भवणारा दीर्घकालीन रोग. दवाखान्यात तो रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या नावाने ओळखला जातो. लोकव्यवहारात मात्र वयपरत्वे होणाऱ्या गुडघ्यांच्या झिजेसह तो ‘संधिवात’ या एकाच सदरात जमा होतो, आणि या सरमिसळीमुळेच रोग्याचे आरंभीचे मोलाचे महिने वाया जातात. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या आयुर्वेदीय ग्रंथात आमवातास स्वतंत्र प्रकरण आहे. पाश्चात्त्य वैद्यकातील प्रचलित नाव लंडनचे वैद्य आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये रूढ केले.

या रोगाच्या भारतीय अभ्यासात पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यास विशेष स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिरोगतज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ या नावाने लोकवस्तीतच जाऊन संधिरोगांची मोजदाद करण्याची योजना आखली. तिला अनुसरून पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये उजनी जलाशयाकाठच्या भिगवण गावी घरोघर पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांस हाडे, सांधे वा स्नायू यांचे दुखणे आढळले. त्यातील बहुतांश स्नायू व कंडरा यांचे किंवा झिजेचे होते, आणि आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का भरले. हे प्रमाण अल्प वाटेल. परंतु पाच हजार प्रौढांच्या गावात त्याचा अर्थ पंचवीस माणसे असा होतो, आणि त्यांत स्त्रिया पुरुषांच्या दुपटी-तिपटीने असतात.

त्याच तालुक्यातील, बारामती-इंदापूर रस्त्यावरील निमगाव केतकी हे पानमळ्यांचे आणि तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. जेथे पाने खुडणे, वेल बांधणे, धार काढणे आणि भाकरी थापणे ही सारी कामे बोटांवर व मनगटांवर चालतात, तेथे नेमक्या त्याच सांध्यांना प्रथम ग्रासणारा हा रोग संसाराच्या मुळावरच घाव घालतो. आणि ‘कामाने हात दुखतातच’ ही समजूत घरातल्या बाईला दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोहोचू देत नाही.

श्रमाने आलेले दुखणे विसाव्याने उतरते. आमवाताचे विसाव्यानंतर वाढते. सकाळी उठताना सांधे आखडलेले असणे आणि ते मोकळे होण्यास तासाहून अधिक वेळ लागणे, दोन्ही हातांचे तेच ते सांधे सुजणे, आणि बोटांची टोकाकडील पेरे बहुधा सुटून मधली पेरे व मुळे दुखणे, ही त्याची ठळक खूण होय. थकवा, रक्तक्षय व बारीक ताप यांची जोड असते. सांध्याचे आतील पातळ अस्तर सुजून जाड होते आणि कूर्चा व हाड कुरतडू लागते. ही हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच वेग घेते, व एकदा वाकडी झालेली बोटे कोणत्याही औषधाने सरळ होत नाहीत. डोळे, फुप्फुसे आणि हृदय यांनाही हा रोग सोडत नाही. आनुवंशिक प्रवृत्ती आणि धूम्रपान यांचा त्याच्याशी संबंध सिद्ध झालेला आहे.

निदान एकट्या रक्तपरीक्षेवर होत नाही. रक्तातील रुमॅटॉइड फॅक्टर निरोगी माणसातही आढळतो व काही रोग्यांत आढळत नाही. अँटी-सीसीपी ही परीक्षा अधिक नेमकी होय. २००६ च्या साथीपासून महाराष्ट्रास परिचित झालेला चिकुनगुन्या हुबेहूब असेच सांधे धरतो. मात्र सूज सहा आठवड्यांपलीकडे टिकली, तर साथीवर हवाला ठेवून बसणे घातक आहे.

उपचाराचा पाया मेथोट्रेक्सेट हे औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाचे असते. ही सूचना चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी, कारण चुकून रोज घेतल्यास तोंड येते, रक्तपेशी घटतात आणि प्राणावर बेतते. त्यासोबत फॉलिक ॲसिड देतात, यकृत व रक्त यांची नियमित तपासणी करतात, आणि गर्भधारणेचा विचार असल्यास वैद्याच्या सल्ल्याने ते आधीच बंद करतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व सल्फासालाझिन ही त्याची सहकारी औषधे. पैकी पहिले दीर्घकाळ चालू असता डोळे तपासून घ्यावे लागतात.

आमवातावर कॉर्टिसोन या स्टेरॉइडाचा प्रयोग फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये केला, अंथरुणास खिळलेले रोगी चालू लागले, आणि १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल व राइशस्टाइन यांस विभागून मिळाले. पण याच वर्गातील स्टेरॉइडे वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, मधुमेह व मोतीबिंदू जडतात. नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत चमत्कारिक उतार पडला, तर आत स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यावा. मात्र अशी पुडी बराच काळ चालली असल्यास ती एकाएकी न सोडता वैद्यासमोर ठेवावी, कारण तोवर शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते.

१९९० च्या दशकाअखेर आलेली जैविक औषधे सूज पेटविणाऱ्या विशिष्ट प्रथिनांनाच अटकाव करतात. ती महाग आहेत, आणि त्यांपैकी काहींनी शरीरात सुप्त असलेला क्षयरोग जागा होत असल्याने, आपल्याकडे ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी अनिवार्य मानली जाते.