कोणते मेश्राम? आडनाव, गावनाव आणि जातीचा शोध

गेल्या उन्हाळ्यात दोन मित्रांसोबत नागझिऱ्याला निघालो होतो. साकोलीला चहासाठी थांबलो. टपरीच्या बाकावर सत्तरीतले एक गृहस्थ बसले होते. वाघ दिसतो की नाही, यंदा धानाला पाऊस वेळेवर येईल का, अशा गप्पा सुरू झाल्या. मग नेहमीचा प्रश्न आला.

"आडनाव काय म्हणाले तुमचं?"

"मेश्राम."

"मेश्राम... कोणते मेश्राम?"

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा प्रश्न कदाचित कळणार नाही. आमच्याकडे मेश्राम गोंडांत आहेत आणि पूर्वाश्रमीच्या महारांतही, म्हणजे आजच्या बौद्धांतही आहेत. त्यामुळे फक्त आडनाव ऐकून त्या गृहस्थांचे काम भागले नाही. मी म्हणालो, "काका, जे विचारायचं ते सरळ विचारा ना." ते हसले आणि त्यांनी विषय बदलला. पण चहा संपेपर्यंत बाकावरचे आमच्यातले अंतर वीतभर वाढले होते.

आडनावावरून जात कळते, असे आपल्याकडे सगळेच धरून चालतात. खोली भाड्याने देणारा आडनाव विचारतो, मुलगी दाखवणारा आडनाव विचारतो, नोकरीच्या मुलाखतीतही नावाच्या शेवटच्या शब्दावर नजर थबकते. पण आडनावांचा इतिहास तपासला तर काय दिसते? आडनावाने गाव सांगितले, झाड सांगितले, डोंगर सांगितला, पूर्वजाचे नाव सांगितले. जात मात्र त्याने फार कच्ची सांगितली. ती कायम वेगळ्या मार्गाने पक्की केली गेली. तो मार्ग कोणता, हे या लेखात पाहायचे आहे.

गाव, झाड आणि डोंगर

महाराष्ट्रात आडनाव तयार करण्याची सर्वात सोपी रीत म्हणजे गावाच्या नावाला 'कर' जोडणे. बोरीचा तो बोरकर, नागपूरचा तो नागपूरकर. कधी 'कर' न लावताही गाव आडनावात येते. रामटेके हे आडनाव ऐकताच रामटेक आठवते. आमच्या भागात तेलुगू मुलखाच्या शेजारामुळे 'वार' हा प्रत्ययही आहे. नवेगावबांधच्या परिसरात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजात डोंगरवार आहेत. बौद्धांत डोंगरे आहेत, ब्राह्मणांतही डोंगरे आहेत. डोंगर तोच, त्याच्या पायथ्याशी राहणारी माणसे वेगवेगळ्या जातींची.

झाडांचेही तसेच. बौद्धांतले टेंभुर्णे आणि पोवारांतले टेंभरे ही दोन आडनावे ऐकली की कानाला तेंदूचेच झाड ऐकू येते. ज्याची पाने तोडायला उन्हाळ्यात अर्धा जिल्हा जंगलात जातो, तेच हे झाड. गोंडांत टेकाम म्हणजे सागाचे कूळ आणि मरकाम म्हणजे आंब्याचे. गोंडांची कुळे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी विभागलेली असतात आणि लग्न जुळवताना ती पाहिली जातात. म्हणजे तिथे आडनाव हे सोयरीक कुठे करायची आणि कुठे नाही, याची खूण आहे. कोण वरचा आणि कोण खालचा, हे सांगण्यासाठी ते जन्माला आलेले नाही.

ही रीत आपल्यापुरतीच नाही. युरोपातल्या रुमानियात पाहा. तिथे 'एस्कू' हा प्रत्यय बहुधा बापाच्या किंवा पूर्वजाच्या नावाला लागतो. इओनच्या वंशातला तो इओनेस्कू, पोपाचा म्हणजे पाद्र्याचा तो पोपेस्कू. 'आनू' हा प्रत्यय आपल्या 'कर'सारखा गावाला किंवा मुलखाला लागतो. मोल्दोवाचा तो मोल्दोवेआनू. आणि डोंगराकडचा तो मुंतेआनू. हा तर सरळ आमचा डोंगरेच झाला!

त्याच रुमानियात रोमा नावाचा समाज शेकडो वर्षे गुलामीत होता. मठ, जमीनदार आणि राजा हे त्यांचे मालक. मोल्दाविया आणि वालाकिया या दोन संस्थानांत १८५५-५६ मध्ये ही गुलामी कायद्याने पूर्णपणे संपली. रोमांच्या काही आडनावांत त्यांचा धंदा दिसतो. कल्दरारू म्हणजे कढया घडवणारा, लाउतारू म्हणजे वाजंत्री. पण असंख्य रोमा कुटुंबांची आडनावे शेजारच्या रुमानियन माणसासारखीच आहेत. म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली का? नाही. आडनाव एक झाले तरी समाज माणसाला वस्तीवरून, रंगावरून, धंद्यावरून ओळखत राहिला. आपल्याला हे ओळखीचे वाटते, कारण आपला अनुभव तोच आहे.

एकच आडनाव, दोन वागणुकी

१९१३ मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात आघाडीवर असलेले दादासाहेब गायकवाड. दोघेही गायकवाड. एका गायकवाडांचे राज्य होते आणि दुसऱ्या गायकवाडांना देवळाच्या दारात दगड खावे लागले. आडनावात जात असती तर हे झाले असते का?

खुद्द बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. हे आडनाव मराठ्यांतही आहे. राऊत हा शब्द राजपुत्रावरून आला असे भाषेचे अभ्यासक सांगतात. विदर्भात राऊत बौद्धांत आहेत, माळ्यांत आहेत, इतरही अनेक जातींत आहेत. आमच्या गोंदियाचे कालीचरण नंदागवळी हे मध्यप्रांतातल्या अस्पृश्य चळवळीचे आरंभीचे पुढारी. त्यांच्या आडनावात चक्क 'गवळी' आहे, पण त्यामुळे अस्पृश्यतेचे चटके काही त्यांना चुकले नाहीत.

१९५४ ची भंडारा पोटनिवडणूक आठवा. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता आणि भंडारा मध्य प्रदेशात. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या निवडणुकीत राखीव जागेवर बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. दोघेही 'कर', दोघेही एकाच समाजातले. बाबासाहेब हरले. आडनावाच्या शेवटच्या अक्षरांवरून किंवा जातीवरून विचार ठरत नाही, हा धडा आमच्या जिल्ह्याने तेव्हाच दिला आणि तो आपल्याला महागात पडला.

जात लिहिणारे वेगळे होते

मग जात कुठे लिहिली जात होती? नावात, हाक मारण्याच्या पद्धतीत आणि सरकारी वहीत.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावीत याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ सांगणारे, वैश्याचे धन सांगणारे आणि शूद्राचे तुच्छता दाखवणारे. जो ग्रंथ बाळाच्या पाळण्यापाशी येऊन त्याची लायकी ठरवतो, तो २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का जाळला गेला, हे यावरून कळावे.

यावर कोणी म्हणेल की दगडू, धोंडू, कचरू ही नावे सगळ्याच जातींत होती. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून आईबाप अशी नावे ठेवत. हे खरे आहे. पण पुढे काय होत होते? वरच्या जातीतला धोंडू मोठा होऊन धोंडोपंत व्हायचा. आपला धोंडू म्हातारा झाला तरी धोंड्याच राहायचा. पाटलाचे दहा वर्षांचे पोर साठ वर्षांच्या माणसाला धोंड्या म्हणून हाक मारायचे आणि म्हाताऱ्याने 'जी मालक' म्हणायचे. राव, पंत, जी आणि या, ही चार छोटी शेपटे म्हणजे चालतीबोलती वर्णव्यवस्था होती.

जुन्या कागदांत माणसाची ओळख 'अमुक वलद तमुक' अशी असे, आणि पुढे जात. आमच्या विदर्भात जातीचा जुना पुरावा शोधणारे लोक आजही कोतवाल बुकाची नक्कल काढायला धावतात. जन्ममृत्यूच्या त्या नोंदीत अनेकदा आडनाव सापडतच नाही, जात मात्र हमखास सापडते. आडनाव पुढे शाळेच्या दाखल्यावर, पलटणीच्या यादीवर, कारखान्याच्या हजेरीपटावर पक्के होत गेले.

त्याआधी महार पुरुषांच्या नावाला 'नाक' लागत असे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण म्हणून उभारलेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर २२ महार सैनिकांची नावे आहेत. ती 'नाक' या शेवटानेच ओळखू येतात. कोणी हा शब्द नायकावरून आला म्हणतात, कोणी नागावरून. कसाही आला असो, ही मानाची खूण होती. पुढे नावांतून ती जवळजवळ नाहीशी झाली आणि वहीत 'महार' हा शब्द तेवढा राहिला.

उसने नाव किती दिवस टिकते?

बाबासाहेबांचे वडील रामजी यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत मुलाचे नाव दाखल झाले ते भिवा रामजी आंबेडकर असे. गावावरून आंबडवेकर आणि त्याचे आंबेडकर झाले असे काही सांगतात, शिक्षकांनी आपले आडनाव दिले असे काही सांगतात. एवढे मात्र खरे की हे आडनाव धारण करणाऱ्याने त्याला असा अर्थ दिला, की आज जगात कुठेही ते उच्चारले तर कोणी त्यात गाव शोधत नाही.

पण याच आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळेना. ते परदेशातून शिकून आले होते आणि संस्थानच्या नोकरीत रुजू झाले होते. शेवटी पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. उसने नाव दहा दिवस टिकले.

मला वाटते, नाव बदलण्याबद्दलचे बाबासाहेबांचे पुढचे विचार समजून घेताना हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. चोखामेळा किंवा हरिजन असे नवे नाव घेऊन अस्पृश्यता जात नाही, कारण त्या नावामागचा धर्म तोच राहतो, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह धर्मच बदलला. आपली आडनावे तशीच राहिली. मेश्राम मेश्रामच राहिले, रामटेके रामटेकेच. बदलली ती पाळण्यातली नावे. दगडू आणि कचरूच्या घरात सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा जन्माला आले. मनूने ज्यांच्यासाठी तुच्छ नाव राखून ठेवले होते, त्यांनी इतिहासातली सर्वात उजळ नावे उचलली.

याची किंमतही मोजावी लागली. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले की अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती जात. १९९० मध्ये कायदा बदलेपर्यंत हे चालले. तरी लोकांनी 'बौद्ध' लिहिले. नावासाठी पोटाला चिमटा घेणारी ती पिढी होती.

नागझिऱ्यातला नाग

आता पुन्हा नागझिऱ्याकडे येऊ. झिरा म्हणजे जमिनीतून झिरपणारे, न आटणारे पाणी. नाग कशावरून आला? तिथल्या नागाच्या देवळावरून, असे सांगतात. नागपूर, नागभीड, नागझिरा अशी गावनावे आणि नागदेवे, नागदिवे अशी आडनावे आमच्या भागात आहेत. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात दीक्षेसाठी नागपूर का निवडले ते सांगताना बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची आठवण काढली होती.

आणि माझ्या आडनावाची गंमत पाहा. तेलंगणातल्या केस्लापूरला गोंडांची मोठी नागोबा जत्रा भरते. तिथे गोदावरीचे पाणी पायी आणून नागोबाची पूजा करणारे कूळ कोणते? मेश्राम!

पण इथे आपल्याच बांधवांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाव सारखे दिसले म्हणून वंशावळ जोडू नका. 'नाग' दिसला की नागवंश, असे करत गेलो तर पुराणे रचणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय? बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात आपले म्हणणे ग्रंथ, भाषा, चालीरीती यांचे दाखले देऊन मांडले. नुसत्या नादावर ते थांबले नाहीत. मेश्राम हे नाव गोंडांचे आणि आमचे एक आहे, यातून शेजाराचा मोठा इतिहास दिसतो. तेवढाही पुरेसा मोलाचा आहे.

मग करायचे काय?

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत. निर्णय चांगला आहे, त्याचे स्वागतच. पण पाटी बदलली तरी वस्ती गावाच्या त्याच टोकाला राहिली, तर दोन वर्षांत समतानगर म्हटल्यावरही लोक तेच समजतील जे आधी समजत होते.

आपली काही शिकलेली मुले शहरात गेल्यावर आडनाव गाळतात, बापाचे नाव लावतात, नवा 'कर' जोडून घेतात. त्यांना मी दोष देत नाही. खोली मिळत नाही तेव्हा काय वाटते, ते मला माहीत आहे. पण त्यांनी बडोद्याचा अकरावा दिवस लक्षात ठेवावा. आणि खैरलांजीही लक्षात ठेवावी. २९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्या शेजारच्या मोहाडी तालुक्यात भोतमांगे कुटुंब संपवले गेले. मारणाऱ्यांनी कोणाचेही आडनाव विचारले नव्हते. ते घर कोणाचे, जमीन कोणाची, मान वर करून कोण चालते, हे गावाला आधीच ठाऊक होते.

म्हणून आडनाव लपवण्यापेक्षा त्याचा इतिहास सांगू या. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आपण कोणत्या गावचे, कोणत्या तलावाचे, कोणत्या झाडाखालचे. आजोबांचे खरे नाव काय होते आणि गाव त्यांना काय म्हणून हाक मारत होते, तेही विचारा आणि लिहून ठेवा.

आणि कोणी विचारलेच, "कोणते मेश्राम?", तर चहाचा कप खाली न ठेवता सांगा : बौद्ध. आता तुमचं पूर्ण नाव सांगा, काका. आम्ही राव आणि जी लावूनच हाक मारू.

जय भीम!